परगावाहून, परप्रांतातून आलेली मुलं आणि शाळेतली सोशल वर्कर : ठाणे-नवी मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्भे, दिघा, ऐरोली, कळवा, घोडबंदर रोड या पट्ट्यातल्या शाळांमध्ये सोशल वर्कर म्हणून काम करताना पालक, शिक्षक, सोसायटीतल्या काकू आणि फील्डवर्कला येणारी एमएसडब्ल्यूची (समाजकार्य शिकणारी) पोरं सगळे फिरून फिरून हेच विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. क्रम वगैरे काही लावलेला नाही, जसं आठवलं तसं.

शाळेतली सोशल वर्कर म्हणजे काउन्सेलरच ना?

नाही, पण गोंधळ होतो हे खरंय. काउन्सेलर मुलाला समोर बसवून त्याच्या मनातलं काढते, आम्ही चपला घालून त्याच्या घरी जातो. मूल शाळेत का येत नाही याचं उत्तर दहातल्या आठ वेळा वर्गात नसतंच, ते खोलीच्या भाड्यात असतं, बापाच्या हजेरीत असतं, नाहीतर धाकट्या भावाच्या तापात. घर, शाळा आणि सरकारी ऑफिस या तिघांत धावपळ करायची हे आमचं काम. पालिकेच्या शाळेत अशी कायम पोस्ट सहसा नसते, बहुतेक जणी कुठल्यातरी संस्थेमार्फत येतात आणि एकीच्या गळ्यात तीन-चार शाळा असतात. मुलं ताई म्हणतात, शिक्षक मॅडम म्हणतात आणि साइटवरचा मुकादम लांबूनच ओरडतो, 'वो सर्वेवाली आयी है'.

हे काम मुळात सुरूच झालं ते बाहेरून आलेल्या मुलांसाठी, हे फार कमी जणांना माहितीय. अमेरिकेत १९०६-०७ च्या सुमारास न्यूयॉर्क, बोस्टन, हार्टफर्ड या शहरांत घरोघरी जाणाऱ्या शिक्षिका नेमल्या गेल्या, कारण युरोपातून आलेल्या कामगारांची मुलं शाळेत टिकत नव्हती. शंभरहून जास्त वर्षं झाली, कारणं बरीचशी तीच आहेत.

आपल्याकडे 'स्थलांतरित मुलं' म्हणजे कोण? यूपी-बिहारचीच ना?

तीही आहेत, पण तेवढीच नाहीत. तुर्भ्याच्या बाजूला दगडखाणीवर आलेली कर्नाटकातली आणि आपल्याच मराठवाड्यातली कुटुंबं आहेत, एपीएमसी या घाऊक बाजारात हमाली करणारे आहेत, उलवे-खारघरच्या टॉवरवर काम करणारे तेलंगणचे आणि बंगालचे आहेत, भिवंडी-कल्याणकडे दिवाळीनंतर वीटभट्टीवर येणारी कातकरी कुटुंबं आहेत, सोसायटीच्या गेटमागच्या छोट्या खोलीत राहणारी नेपाळी वॉचमनची पोरं आहेत. जालन्याहून आलेलं मराठी पोरगं आणि दरभंग्याहून आलेलं मैथिली पोरगं, दोघांचा प्रॉब्लेम ऐंशी टक्के सेम असतो. भाषा वगळली तर बाकी सगळं तेच, म्हणजे कागद नाही, पत्ता पक्का नाही आणि कधी निघावं लागेल याचा भरवसा नाही.

शाळा सोडल्याचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही, काहीच नाही. ॲडमिशन मिळेल का?

मिळेल. मिळालीच पाहिजे. आरटीई म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, आणि कलम ५ सांगतं की आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेने मुलाला ताटकळत ठेवायचं नाही. वयासाठी दवाखान्याची किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरची नोंद चालते, अंगणवाडीची नोंद चालते, आणि तेही नसेल तर आई-बापाने लिहून दिलेलं चालतं.

आता प्रत्यक्षात काय होतं तेही सांगते. आई ऑफिसच्या खिडकीशी उभी राहते, क्लार्क मान वर न करता 'दाखला घेऊन या' म्हणतो आणि ती निघून जाते, ती परत येतच नाही कारण आजचा खाडा तिला परवडलेला नसतो. म्हणून आम्ही शक्यतो सोबत जातो. भांडायला नाही हां, नुसतं शेजारी उभं राहायला. त्याने बराच फरक पडतो, आणि मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकेला, कलम दाखवावं लागलंच तर ते गोड बोलून दाखवावं कारण उद्या त्यांच्याकडेच परत काम असतं.

जन्मतारीख काढणं हा वेगळाच प्रकार आहे. आई सांगते, छठच्या दुसऱ्या दिवशी झाला, त्या वर्षी आमच्याकडे पूर आला होता. मग आपण मोबाइलवर जुनं कॅलेंडर काढून बसायचं, थोरल्या बहिणीचं वय धरून मागे-पुढे करायचं. एवढा वेळ द्या प्लीज. नाहीतर शाळा सरळ १ जून टाकून मोकळी होते आणि पुढे आधारवर वेगळी तारीख निघाली की दहावीच्या फॉर्मला तोच मुलगा रडत येतो.

नावाचंही तेच. आपला फॉर्म मागतो मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बिहारकडच्या मुलीचं नाव असतं पूजा कुमारी, बस. मग क्लार्क कुमारीलाच आडनाव करतो, भावाचं आडनाव कुमार होतं आणि बापाचं राम किंवा साव, आणि एका घरातली तीन माणसं कागदावर एकमेकांची कोणीच लागत नाहीत. पहिल्याच दिवशी आधारवर किंवा गावच्या कागदावर जे स्पेलिंग असेल ते जसंच्या तसं उतरवा. नंतर जनरल रजिस्टरमधलं, म्हणजे शाळेच्या मुख्य नोंदवहीतलं, नाव बदलायचं म्हणजे काय यातना असतात ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

आधार कार्ड कंपल्सरी आहे का?

प्रवेशासाठी नाही. सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळा-प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. पण शाळा मागे का लागतात हेही समजून घ्या, सरकारी पोर्टलवर आधार जुळलेल्या मुलांच्या संख्येवर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, बघितली जाते आणि त्यावर शिक्षकांच्या पोस्ट ठरतात, म्हणजे बाईंना स्वतःची नोकरी दिसत असते. त्यामुळे आमचा सल्ला साधा आहे, आधी ॲडमिशन, आधारचं काम मागून, दोन्ही करा पण याच क्रमाने.

ऑक्टोबर उजाडला, आता कुठे घेणार?

घेणार. आरटीईचं कलम १५. मुदत संपली हे कारण चालत नाही.

मुलगा अकरा वर्षांचा आहे, कधीच शाळेत गेलेला नाही. पहिलीत बसवायचं का?

अजिबात नाही, तो दोन दिवसांत पळून जाईल, सहा वर्षांच्या पोरांत उंच दिसतो म्हणून. कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्ग, म्हणजे अकरा वर्षांचा मुलगा पाचवीच्या आसपास बसणार आणि बाकीच्यांना गाठण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळणार, कमीत कमी तीन महिने आणि गरज असेल तर दोन वर्षांपर्यंत. कागदावर छान वाटतं. खरं सांगायचं तर हे प्रशिक्षण कोण घेणार इथे गाडी अडते, वर्गात चाळीस पोरं असलेल्या बाईंकडून ही अपेक्षा करणं जरा जास्तच आहे. म्हणून सोशल वर्कर इथे जुळवाजुळव करते, कुठे बालरक्षक (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणायचं काम बघणारे) शिक्षक भेटतात, कुठे एखादी संस्था तासभर वर्ग घेते, कुठे वस्तीतलीच बारावी झालेली मुलगी. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली समर्थ भारत व्यासपीठ आणि महापालिकेने मिळून चालवलेली सिग्नल शाळा बघा एकदा, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच सिग्नलवर नेली. सगळीकडे हे जमणार नाही, पण विचार कुठून करायचा ते कळतं.

कुठलं माध्यम घ्यावं? मराठी तर येत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं एकच एक उत्तर नाही. नवी मुंबई आणि ठाणे दोन्ही महापालिकांच्या शाळा मराठीसोबत हिंदी, उर्दू, इंग्रजी माध्यमाच्याही आहेत, पण तुमच्या वस्तीपासून चालत जाता येईल अशी कुठली आहे हे आधी बघा. हायवे ओलांडून जावं लागणारी हिंदी शाळा आणि गल्लीतली मराठी शाळा यात सात वर्षांच्या मुलीसाठी मी गल्लीतली सुचवते. लहान मूल सहा-आठ महिन्यांत बोलायला लागतं. सातवी-आठवीत आलेल्या मुलाचं मात्र वेगळं, त्याला विज्ञान-भूगोल परक्या भाषेत वाचायचं असतं, त्याला जमेल तितकं त्याच्या सवयीचं माध्यम द्या.

आणि मराठीपासून तशीही सुटका नाही, २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे. पालकांना मी सांगते की शिकू द्या, इथेच राहायचंय तर रिक्षापासून तलाठी ऑफिसपर्यंत उपयोगच होईल. पण शिक्षकांनाही सांगते की घरी भोजपुरी किंवा कन्नड बोलू नका असा सल्ला पालकांना देऊ नका. ज्या आईला मराठी येत नाही ती मग मुलाशी बोलायचीच बंद होते, त्यात भाषाही जाते आणि आईही.

मूल वर्गात तोंडच उघडत नाही. मतिमंद आहे का?

थांबा. नवीन भाषेत पडलेलं मूल आधी बरेच दिवस नुसतं ऐकतं, कधी कधी काही महिने. याला आजार समजायचं कारण नाही. दिघ्याच्या बाजूच्या एका शाळेत दुसरीतली एक तेलुगू मुलगी दिवाळीपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, बाईंनी तिला तपासणीला पाठवायचं ठरवलेलं. मी तिला मधल्या सुट्टीत बघायला लागले. खिचडीच्या रांगेत ती पुढच्या पोरीला कोपराने ढकलून 'ए सरक ना' म्हणाली, अगदी अस्सल ठाणेकर टोनमध्ये. मराठी येत होतं तिला, फक्त फळ्यासमोर उभं राहून चुकायचं नव्हतं.

आम्ही काय करतो, तर मुलाच्या भाषेतला एखादा मोठा विद्यार्थी शोधून शेजारी बसवतो, पहिले काही आठवडे तोंडी प्रश्न विचारू नका असं बाईंना सांगतो, आणि घरी जाऊन बघतो की आईशी नीट बोलतो का. घरीही बोलत नसेल, ऐकल्यासारखं वाटत नसेल, तर मग कान तपासायला न्यायचं. तो दवाखाना, ती तारीख, सोबत जाणं, हे सगळं सोशल वर्करकडे.

आम्ही होळीला गावी जातो ते जूनमध्ये परत. नाव कापतील का?

मला विचाराल तर सगळा खेळ इथेच आहे. कागद जुळवता येतात, भाषा येते, पण मुलं गळतात ती या गावी जाण्या-येण्यात. महिनाभराहून जास्त सलग गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं, परत आल्यावर पालकांना वाटतं आता बाई ओरडतील, फॉर्म परत भरावा लागेल, म्हणून ते येतच नाहीत, आणि तोवर पोरगं चहाच्या टपरीवर लागलेलं असतं. कोणी मुद्दाम काढलं नाही, कोणी मुद्दाम सोडलं नाही, तरी शाळा सुटली.

म्हणून जायच्या आधी तीन गोष्टी करा. एक, वर्गशिक्षकांना तोंडी तरी सांगा, किती दिवसांसाठी आणि कुठे. दोन, कायमचं किंवा हंगामापुरतं दुसरीकडे जात असाल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, महाराष्ट्रात ही सोय आहे, मूल कितवीत आहे ते त्यावर असतं आणि ते दाखवून नव्या गावच्या शाळेत बसता येतं, परत आल्यावर इथे परत. तीन, चालू असलेला एक मोबाइल नंबर द्या. मुकादमाचा नको, तो बदलतो. किराणावाल्याचा चालेल.

आमच्या बाजूने आम्ही फेब्रुवारीतच वस्तीत फिरून कोण कधी निघणार याची वही करतो. घोडबंदरला एका लेबर कॅम्पमध्ये संध्याकाळी सातनंतर गेलं तरच आई-बाप भेटतात, पत्र्याच्या खोल्यांची रांग, बाहेर चुलीवर भात, आणि स्लॅबचं काम चालू असेल तर रात्री दहालाही भेट नाही. एकदा तिकिटं पाहिली की कळतं, परतीचं तिकीट काढलंय का नाही. परतीचं नसेल तर हमी कार्डाचा आग्रह धरायचा. जूनमध्ये तीच वही घेऊन परत फिरायचं आणि जे आले नाहीत त्यांना फोन लावायचा, गावी शाळेत घातलं असं कळलं की तेवढ्या नावासमोर टिक. ही वही इन्स्पेक्शनला कोणी मागत नाही, पण माझ्या मते आमच्या कामातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच आहे.

या लोकांना शिक्षणाची किंमतच नसते, मीटिंगलाही येत नाहीत.

मीटिंग मंगळवारी सकाळी साडेअकराला ठेवलीत तर नाक्यावर उभा राहून रोजंदारी शोधणारा माणूस कसा येईल? त्याची रोजी सकाळी आठला ठरते. रविवारी संध्याकाळी वस्तीतच मीटिंग ठेवून बघा, चटया कमी पडतात. आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावेत असा नियमच आहे, त्यात एक जण तरी लेबर कॅम्पमधला घ्या, नेहमीचेच चार चेहरे नकोत.

मोठी मुलगी लहान भावंडाला सांभाळते म्हणून येत नाही. काय करायचं?

आईला लेक्चर देऊन उपयोग नाही, तिला चॉइस नसतो. लहान्याची सोय केली की मोठी आपोआप येते. जवळची अंगणवाडी कुठे आहे, किती वाजता उघडते, साइटवर पाळणाघर आहे का ते बघायचं. मोठ्या साइटवर मुलांसाठी खोली ठेवायची कायद्यात तरतूद आहे, पण ठेकेदार ती क्वचितच स्वतःहून आठवतो. बापाने वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलं असेल तर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होते आणि मुलांना शिष्यवृत्तीही मिळते. नव्वद दिवसांचं सर्टिफिकेट द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतो, हा आमचा कायमचा डोकेदुखीचा विषय.

तेरा-चौदाच्या मुलींचं अजून एक. टॉयलेटला कडी नाही म्हणून येत नाहीत. हे कोणी सांगत नाही, विचारावं लागतं, आणि बाईमाणसानेच विचारावं.

नेपाळी कुटुंब आहे, किंवा बंगाली बोलणारं कुटुंब आहे. शाळेने नागरिकत्व तपासायचं का?

नाही. आरटीईत मूल म्हणजे सहा ते चौदा वयाचा मुलगा किंवा मुलगी, त्या व्याख्येत नागरिकत्वाचा शब्दही नाही. मालदा-मुर्शिदाबादचे लोक बंगालीच बोलणार ना, ते काय मराठी बोलणार? मध्येच कधी वस्तीत पोलिसांची तपासणी निघते आणि दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा असतो, अशा वेळी आम्ही घरी जाऊन एवढंच सांगतो की शाळा सुरू आहे, मुलांना पाठवा. कुटुंबाने विश्वासाने सांगितलेली माहिती सोशल वर्करने चहाच्या टेबलावर बोलायची नाही, स्टाफरूममध्येही नाही.

मुलं एकमेकांना चिडवतात, 'ए भैया', 'ए बहादूर'...

मुलं घरचंच बोलतात. टीव्हीवर काही पेटलं की आठवडाभर वर्गात त्याचे पडसाद असतात. ओरडून थांबत नाही. दोघांना मिळून काम द्या, कबड्डीच्या टीममध्ये घ्या, डबा एकत्र. पण शिक्षकच 'ए बिहारी' अशी हाक मारत असतील तर ते वेगळं, आरटीईच्या कलम १७ मध्ये मारण्यासोबत मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे आणि ते मोठ्या बाईंशी स्पष्ट बोलावं लागतं.

मुलाच्या अंगावर वळ दिसले, किंवा मुलीने काही भलतंच सांगितलं तर?

१०९८. चाइल्ड हेल्पलाइन (आधीची चाइल्डलाइन), चोवीस तास, फुकट. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेचं नाव खराब होईल म्हणून दाबता येत नाही. मुलीला पाच जणांसमोर परत परत सांगायला लावू नका. स्थलांतरित घरांत भीती जास्त असते, आरोपी बहुतेकदा ओळखीचाच असतो, कधी ज्याने काम दिलं तोच, आणि तक्रार केली तर खोलीही जाणार. म्हणून तक्रारीसोबतच राहायचं कुठे याचाही विचार करावा लागतो.

माझी बहीण न्यू जर्सीला गेलीय, तिच्या मुलाला तिकडे अशी मदत मिळेल का?

हो, तिकडे ही पोस्ट बऱ्याच सरकारी शाळांत असते. तिकडच्या शालेय सोशल वर्कर्सच्या संघटनेची शिफारस एका सोशल वर्करमागे अडीचशे विद्यार्थ्यांची आहे, पाळतात किती हा भाग वेगळा. प्रवेशाला व्हिसा विचारायचा नाही हे तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालाने ठरलंय आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलाला भाषेची मदत द्यावीच लागेल हे १९७४ च्या लाउ विरुद्ध निकोल्सने. ॲडमिशनच्या वेळी घरी कुठली भाषा बोलता असा एक फॉर्म येतो. तिथे खरं ते मराठी असं लिहा. मागे पडेल म्हणून घाबरून इंग्रजी लिहिलं तर मिळणारी मदत आपणच घालवली. आणि पालकांना समजेल अशा भाषेत माहिती मागायचा हक्क असतो, दुभाषा मागा, लाजू नका.

चौदा पूर्ण झाली, आठवीनंतर सोडतोय. आता काही नाही का?

आहे. रात्रशाळा आहेत, १७ नंबर फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा आहे. पण जातीच्या दाखल्याचं आधीच सांगून ठेवते, दुसऱ्या राज्यातला दाखला इथल्या राज्य सरकारच्या सवलतींना चालत नाही, त्यावर विसंबून पुढच्या फीचा हिशोब करू नका. दहावीपर्यंतचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा, पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात कागद टिकत नाहीत.

आमच्या सोसायटीला काहीतरी करायचंय, जुनी दप्तरं-वह्या देऊ का?

दप्तरं खूप झाली हो, प्रत्येक साइटवर ढीग आहे. पाठ्यपुस्तकं पालिका शाळेत फुकट मिळतात, दुपारी खिचडीही मिळते. त्यापेक्षा तुमच्या वॉचमनची, धुणंभांडी करणाऱ्या ताईंची मुलं कुठल्या शाळेत जातात ते विचारा. जात नसतील तर क्लबहाउसची एक खोली संध्याकाळी चार ते सहा उघडी ठेवा, आणि शाळेत पालकांची मीटिंग असेल त्या दिवशी त्या ताईंना पगार न कापता दोन तास सुट्टी द्या.